बडोदेकरांनो, आयकर रिटर्न स्वतः भरा: पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

पगारदारांसाठी आयकर रिटर्नची नेहमीची मुदत ३१ जुलै. २०२४-२५ या वर्षाच्या रिटर्नसाठी ती आधी १५ आणि शेवटी १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवली होती, आणि पुढचे नियम-आकडे त्याच वर्षाचे आहेत. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती, म्हणजे ‘गणपती उठले की बसू’ असं ठरवलेल्यांच्या हातात विसर्जनानंतर नऊ-दहाच दिवस उरले. शेवटच्या दिवसांत सगळा देश आयकर विभागाच्या पोर्टलवर येतो. दांडियाबाजार-रावपुऱ्याच्या आमच्या भागात नव्याने कमावायला लागलेली मुलं, नुकतेच निवृत्त झालेले काका, घरून मसाले-पापड विकणाऱ्या वहिनी दर वर्षी विचारतात, हे आपलं आपल्याला जमेल का? जमतं. एक पगार किंवा पेन्शन, दोन-तीन बँकांचं व्याज आणि थोडे म्युच्युअल फंड एवढाच पसारा असेल तर नक्की जमतं. त्यासाठी रेसकोर्सजवळच्या आयकर भवनात जावं लागत नाही, आणि सरकारी पोर्टलवर फॉर्म भरायला एक पैसाही पडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पोर्टलवर फॉर्म उघडला की तो बराचसा भरूनच समोर येतो. पगार, टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर), व्याज, सगळं जागच्या जागी दिसतं, आणि नवखा माणूस ‘कन्फर्म’ दाबत पुढे जातो. ते आकडे तुमच्या मालकाने, बँकेने, म्युच्युअल फंडाने कळवलेले असतात. त्यांनी जे कळवलं नाही ते तिथे नसतं, आणि चुकीचं कळवलं असेल तर चुकीचंच दिसतं. सॉफ्टवेअर बेरजेत चुकत नाही, पण आईच्या पैशांच्या एफडीवर पहिलं नाव तुमचं आहे हे त्याला कुठून कळणार? रिटर्नखाली सही तुमची असते. म्हणून संगणक उघडण्याआधी वही उघडा आणि वर्षाचा हिशोब स्वतःच्या हाताने लिहा.

आधी वही

हिशोबाचं वर्ष १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. याला आर्थिक वर्ष २०२४-२५ म्हणतात. पोर्टलवर मात्र ‘असेसमेंट इयर २०२५-२६’, म्हणजे कर ठरवण्याचं पुढचं वर्ष, निवडायचं असतं. बँकेत कर भरताना सर्वांत जास्त गोंधळ याच दोन वर्षांत होतो, म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर दोन्ही लिहून ठेवा.

मग कागद. नोकरी असेल तर कंपनीकडून फॉर्म १६ मिळतो. कंपनीने तो १५ जूनपर्यंत द्यायचा असतो, तेव्हा एव्हाना हातात असायला हवा. त्याचे दोन भाग असतात. भाग ए मध्ये दर तिमाहीला किती कर कापून सरकारकडे भरला ते असतं, आणि भाग बी मध्ये पगाराची फोड.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेल्यांनी इथे थांबावं. दोन कंपन्यांचे दोन फॉर्म १६ असतात. नव्या कंपनीला जुन्या पगाराची माहिती दिली नसेल तर दोघींनीही तुम्हाला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) आणि सुरुवातीच्या करमुक्त टप्प्याचा फायदा वेगवेगळा दिलेला असतो. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी वर्षाला एकदाच मिळतात. दोन पगारांची बेरीज केली की कर कमी कापला गेल्याचं उघड होतं आणि फरक खिशातून भरावा लागतो. शेवटच्या रात्री हा आकडा दिसला की मुलं हादरतात. तुम्हाला तो आजच दिसू द्या.

प्रत्येक बँकेतून व्याजाचा दाखला काढा, जुन्या विसरलेल्या खात्याचासुद्धा. नेटबँकिंगमध्ये तो दोन मिनिटांत मिळतो. बचत खात्याचं व्याज आणि एफडीचं व्याज वहीत वेगळं लिहा, पुढे त्याचं कारण येईल. बँकेने टीडीएस कापला नाही म्हणून व्याज करमुक्त झालं, असं कितीतरी लोक मानतात. तसं मुळीच नाही. २०२४-२५ मध्ये एका बँकेतलं व्याज ४०,००० रुपयांच्या वर गेलं (ज्येष्ठ नागरिकांसाठी ५०,०००) तरच टीडीएस कापला जात होता. त्याखालचं व्याजही उत्पन्नात धरावंच लागतं. म्युच्युअल फंड विकले असतील तर फंडांचा हिशोब ठेवणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक या कंपन्यांच्या साइटवरून वर्षाचं कॅपिटल गेनचं, म्हणजे विक्रीतल्या नफ्याचं, पत्रक मागवा, ते ईमेलवर येतं. शेअरचा लाभांश २०२० पासून आपल्याच हातात करपात्र आहे, तोही लिहा.

वहीत चार रकाने पुरतात: उत्पन्न कुठून आलं, माझ्या कागदाप्रमाणे किती, सरकारकडे किती दिसतं, त्यावर कर किती कापला. तिसरा आणि चौथा रकाना भरायला आता पोर्टल उघडू.

सरकारला तुमच्याबद्दल काय माहीत आहे

पोर्टलचा पत्ता इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर ती साइट आपली नव्हे. पॅन हाच युजर आयडी. पहिल्यांदा येणाऱ्यांनी ‘रजिस्टर’ दाबून पॅन, मोबाइल आणि ईमेल द्यायचं, दोन्हीकडे ओटीपी येतो. मोबाइल आणि ईमेल तुमचाच द्या. भाच्याचा नको, एजंटचा तर अजिबात नको. विभागाची प्रत्येक नोटीस तिथेच येणार असते.

आत गेल्यावर दोन कागद बघायचे. पहिला फॉर्म २६एएस. तुमच्या पॅनवर कोणी किती कर कापून जमा केला हे त्यात असतं. दुसरा एआयएस, म्हणजे वार्षिक माहितीपत्रक. ते २०२१ पासून मिळतं आणि त्यात टीडीएसच्या पलीकडचंही दिसतं: व्याज, लाभांश, शेअर आणि फंडांची खरेदी-विक्री, मोठे व्यवहार. एआयएसची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो. पॅन लहान लिपीत आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ अंकांत, मध्ये काहीही न घालता.

आता एकेक ओळ वहीशी ताडा. फरक बहुधा ओळखीच्या जागी सापडतात. संयुक्त एफडीचं सगळं व्याज पहिल्या नावावर दिसतं. आपल्याकडे आजोबांची एफडी ‘सोयीसाठी’ नातवाच्या नावाने पुढे चाललेली असते, त्यामुळे असं हमखास घडतं. कधी एकच रक्कम दोनदा आलेली असते. कधी व्याज बँकेच्या दाखल्यात असतं पण एआयएसमध्ये नसतं. तेव्हा दाखल्याप्रमाणे दाखवायचं. सरकारला दिसलं नाही म्हणून सोडलेलं व्याज पुढे दिसलं तर नोटीस तुमच्या नावाने येते. एआयएसमधलं काही चूक वाटलं तर त्या ओळीवरच ‘फीडबॅक’ची सोय आहे. माहिती बरोबर, अंशतः चूक, दुसऱ्या पॅनची, दोनदा आलेली, असे पर्याय असतात. फीडबॅक दिला की कळवणाऱ्या संस्थेकडे विचारणा जाते. उत्तर येईपर्यंत रिटर्न अडवून ठेवायची गरज नाही. तुमचा आकडा खरा असेल आणि त्याचा कागद हाताशी असेल तर तोच भरा.

फॉर्म १६ मधला टीडीएस २६एएसमध्ये कमी दिसत असेल तर मात्र कंपनीच्या अकाउंट्स विभागात लगेच विचारा. त्यांनी आपलं टीडीएसचं विवरण दुरुस्त केल्याशिवाय तुम्हाला त्या कराचं श्रेय मिळत नाही.

नाव आणि बँक खातं

बडोद्यातल्या मराठी घरांत इथेच गाडी जास्त अडते. गुजरातमध्ये कागद करताना नावापुढे ‘भाई’ किंवा ‘बेन’ जोडायची रीत आहे. त्यामुळे पॅनवर नुसतं ‘सुनीता’ आणि आधारवर ‘सुनीताबेन’ असं झालेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पॅनवर शेवटी. गायकवाड हे आडनाव इंग्रजीत एका कागदावर ‘ए-ई’ लावून, दुसऱ्यावर ‘ए-आय’ लावून. लग्नानंतर बँकेत सासरचं आडनाव लागलं आणि पॅन माहेरचंच राहिलं. माणसाला यात काही खटकत नाही, पण सॉफ्टवेअर अक्षर जुळवून बघतं आणि परतावा, म्हणजे जास्त कापलेला कर, ज्या खात्यात परत यायचा ते खातंच नाकारतं.

म्हणून फॉर्मला हात लावण्याआधी ‘माय प्रोफाइल’मध्ये ‘माय बँक अकाउंट’ उघडा. परतावा फक्त पडताळणी झालेल्या, म्हणजे ‘व्हॅलिडेटेड’ खात्यातच येतो. खात्यावरचं नाव पॅनप्रमाणे हवं आणि खात्याला पॅन जोडलेलं हवं. नाव जुळत नसेल तर बँकेत केवायसी दुरुस्त करून घ्या. बँकेला चार दिवस लागतात, आणि हे काम शेवटच्या आठवड्यात होत नाही.

आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा, कोडही तपासा. बँक ऑफ बडोदा १९०८ साली सयाजीराव महाराजांनी याच गावात सुरू केली, आणि इथल्या कितीतरी घरांची खाती पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत. १ एप्रिल २०१९ ला विजया बँक आणि देना बँक तिच्यात विलीन झाल्या. या दोन बँकांच्या जुन्या खातेदारांच्या प्रोफाइलमध्ये आजही जुना कोड पडून असतो आणि पडताळणी फेटाळली जाते. नवीन कोड पासबुकवरून घ्या. बँक ऑफ बडोदाच्या कोडमध्ये ‘बीएआरबी’ या चार अक्षरांनंतर शून्य येतं, इंग्रजी ‘ओ’ नव्हे.

पॅन आणि आधार जोडलेले आहेत का, आणि आधारला चालू मोबाइल नंबर आहे का, हेही आत्ताच बघा. घरातल्या ज्येष्ठांचा आधारवरचा नंबर बहुतेकदा कधीच बंद झालेला असतो आणि शेवटी ओटीपी येत नाही.

कोणता फॉर्म

पगार किंवा पेन्शन, एक घर, व्याज आणि एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत असेल तर आयटीआर-१, त्यालाच ‘सहज’ म्हणतात. असेसमेंट इयर २०२५-२६ पासून त्यात एक चांगली सोय झाली. शेअर किंवा इक्विटी फंडांचा दीर्घ मुदतीचा नफा १,२५,००० रुपयांपर्यंत असेल तर तोही आयटीआर-१ मध्येच दाखवता येतो. त्यापेक्षा जास्त नफा, अल्प मुदतीचा नफा, पुढच्या वर्षी ओढायचा तोटा किंवा दुसरं घर असेल तर आयटीआर-२. परदेशी कंपनीचे शेअर नोकरीत मिळाले असतील किंवा परदेशात बँक खातं असेल तरीही आयटीआर-२, रक्कम कितीही लहान असो.

घरून व्यवसाय करणाऱ्या वहिनींसाठी आयटीआर-४, ‘सुगम’. कलम ४४एडी खाली एकूण विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरायचा. यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. सविस्तर हिशोबाच्या वह्या लागत नाहीत, पण विक्रीचा आकडा खरा हवा. फ्युचर-ऑप्शनचे व्यवहार केले असतील तर ते व्यवसायात मोडतात आणि आयटीआर-३ लागतो. ते काम पहिल्याच वर्षी एकट्याने करू नका, सीएकडे जा.

जुनी पद्धत की नवी

कर मोजायच्या दोन पद्धती आहेत: वजावटी देणारी जुनी, आणि बहुतेक वजावटी नसलेली नवी. आधी एक गैरसमज. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ ही फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पातली घोषणा १ एप्रिल २०२५ नंतरच्या कमाईसाठी आहे. इथे आपण त्याआधीच्या वर्षाचं रिटर्न बघतो आहोत. या वर्षासाठी नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न ७ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. टप्पे असे: ३ लाखांपर्यंत काही नाही, ३ ते ७ लाखांवर ५ टक्के, ७ ते १० वर १०, १० ते १२ वर १५, १२ ते १५ वर २० आणि पुढे ३० टक्के.

कर शून्य आला तरी या वर्षासाठी उत्पन्न ३ लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरावंच लागतं. हे वाक्य घरातल्या पेन्शनर मंडळींना मुद्दाम वाचून दाखवा.

आता उदाहरण. मकरपुरा जीआयडीसीतल्या कंपनीत नोकरी करणारी एक मुलगी घ्या. वर्षाचा पगार ८,४०,०००. त्यात मूळ पगार ४,२०,००० आणि घरभाडे भत्ता १,६८,०००. मांजलपूरला महिना ९,००० रुपये भाड्याने राहते. बचत खात्याचं व्याज ४,०००, एफडीचं ८,०००. पीएफ, एलआयसी आणि पीपीएफ मिळून ८०सी (गुंतवणुकीवर वजावट देणारं कलम) खाली १,१०,००० गुंतवलेत.

नव्या पद्धतीत पगारातून ७५,००० प्रमाणित वजावट गेली, व्याजाचे १२,००० मिळाले, उरले ७,७७,०००. पहिल्या ३ लाखांवर शून्य, पुढच्या ४ लाखांवर २०,०००, उरलेल्या ७७,००० वर ७,७००. त्यावर ४ टक्के उपकर धरून कर २८,८१०.

जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५०,००० आणि गुजरातचा व्यवसाय कर महिना २०० प्रमाणे २,४००. घरभाड्याची सूट तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याएवढी मिळते: मिळालेला भत्ता १,६८,०००, मूळ पगाराच्या ४० टक्के, तेही १,६८,०००, आणि भरलेल्या भाड्यातून मूळ पगाराचा दहावा हिस्सा वजा केला की ६६,०००. सूट ६६,०००. (मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला ४० ऐवजी ५० टक्के धरतात, बडोद्याला ४०च.) ८०सी चे १,१०,००० आणि बचत खात्याच्या व्याजाचे ४,००० वजा केले, करपात्र उरले ६,१९,६००, कर ३७,८८०. बचत खात्याच्या व्याजाला ८०टीटीए खाली १०,००० पर्यंत वजावट मिळते आणि एफडीच्या व्याजाला मिळत नाही, म्हणून वहीत दोन्ही वेगळी लिहायला सांगितली होती.

म्हणजे वजावटी असूनही या मुलीचे नव्या पद्धतीत ९,०७० रुपये वाचतात. गृहकर्जाचं मोठं व्याज, भरपूर भाडं आणि पूर्ण ८०सी असणाऱ्यांचं गणित उलट येऊ शकतं. अंदाजावर जाऊ नका. पोर्टलच्या पहिल्या पानावर ‘इन्कम अँड टॅक्स कॅल्क्युलेटर’ आहे, लॉगिन न करताही चालतो, दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी-शेजारी दाखवतो.

आणखी एक. पगारदाराला दर वर्षी पद्धत बदलता येते, पण जुनी पद्धत हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं. उशीर झाला की नवीच लागू होते.

सॉफ्टवेअर कोणतं

तीन वाटा आहेत. पहिली, पोर्टलवरच ऑनलाइन भरणं. आयटीआर-१ आणि ४ साठी मी हीच सुचवेन, त्याहून सोपं काही नाही. दुसरी, विभागाची मोफत ‘ऑफलाइन युटिलिटी’. ती संगणकावर उतरवून घ्यायची, आधीच भरलेली माहिती जेसन फाइलमध्ये आणायची, निवांत भरायचं आणि तयार झालेली फाइल पोर्टलवर चढवायची. शेअरचे व्यवहार खूप असतील, किंवा नेट मध्येच जात असेल, तर ही बरी. तिसरी, खासगी सॉफ्टवेअर. क्लिअरटॅक्ससारख्या साइट सामान्य लोकांसाठी आहेत, तर विनमॅन आणि कॉम्प्युटॅक्स सीएंच्या ऑफिसात दिसतात. ब्रोकरची शेकडो व्यवहारांची फाइल ती थेट ओढून घेतात, हा खरा उपयोग. नुसत्या पगारासाठी त्यांचे पैसे भरायचं कारण मला दिसत नाही. खासगी साइटला पोर्टलचा पासवर्ड देऊ नका, आणि तिथेही शेवटी आकडे वहीशीच ताडा.

प्रत्यक्ष भरताना

लॉगिन करून ‘ई-फाइल’, मग ‘इन्कम टॅक्स रिटर्न्स’, मग ‘फाइल इन्कम टॅक्स रिटर्न’. असेसमेंट इयर २०२५-२६, ‘ऑनलाइन’, ‘इंडिव्हिज्युअल’, आयटीआर-१. पुढे पाच चौकटी येतात: वैयक्तिक माहिती, एकूण उत्पन्न, वजावटी, भरलेला कर, आणि एकूण करदायित्व. प्रत्येक चौकट तपासून ‘कन्फर्म’ करायची. मध्ये उठायचं असेल तर ‘सेव्ह ड्राफ्ट’ दाबा. काही वेळ हात लावला नाही की पोर्टल आपोआप बाहेर काढतं.

वैयक्तिक माहितीत पद्धतीचा प्रश्न उलट्या भाषेत विचारलेला असतो: नव्या पद्धतीतून बाहेर पडायचं आहे का? नवी ठेवायची असेल तर ‘नो’, जुनी हवी असेल तर ‘येस’. घाईत इथे उलटं उत्तर गेलं की सगळ्या वजावटी गायब होतात आणि माणूस फॉर्मवर चिडतो. नोकरीच्या प्रकारात रिफायनरीसारख्या सरकारी कंपनीतल्यांनी ‘पीएसयू’ आणि खासगी नोकरीवाल्यांनी ‘अदर्स’ निवडावं.

उत्पन्नाच्या चौकटीत पगार फॉर्म १६ च्या भाग बी प्रमाणे आहे ना ते बघा. दोन नोकऱ्या असतील तर बेरीज करून प्रमाणित वजावट एकदाच आली आहे याची खात्री करा. निवृत्तांचं स्वतःचं पेन्शन पगारातच धरतात, त्यालाही प्रमाणित वजावट मिळते. पतीच्या पश्चात मिळणारं कौटुंबिक पेन्शन मात्र ‘इतर स्रोतां’त जातं. त्यातून एक तृतीयांश किंवा १५,००० (नव्या पद्धतीत २५,०००), जे कमी असेल ते वजा होतं. बऱ्याच काकूंचं रिटर्न इथे चुकीच्या रकान्यात भरलेलं असतं.

वजावटी फक्त जुन्या पद्धतीवाल्यांसाठी महत्त्वाच्या. असेसमेंट इयर २०२५-२६ पासून नुसता आकडा चालत नाही. पीपीएफचा खाते क्रमांक, विमा पॉलिसीचा नंबर, आरोग्य विम्याच्या कंपनीचं नाव, असा तपशील विचारतात. कागद शेजारी ठेवूनच बसा. ज्येष्ठांना व्याजावर ८०टीटीबी खाली ५०,००० पर्यंत वजावट मिळते, आणि त्यात एफडीही येते.

भरलेल्या कराच्या चौकटीत टीडीएसची प्रत्येक ओळ वहीच्या चौथ्या रकान्याशी जुळली की शेवटची चौकट उघडा. आपल्या उदाहरणातल्या मुलीचा कर कंपनीने फक्त पगारावर कापला होता, २७,५६०. व्याजाचं कंपनीला माहीत नव्हतं. म्हणून तिला १,२५० रुपये ‘देय’ दिसतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. ‘पे नाऊ’ दाबलं की ई-पे टॅक्सवर जाता येतं. तिथे असेसमेंट इयर २०२५-२६ आणि ‘सेल्फ असेसमेंट टॅक्स’, म्हणजे कोड ३००, निवडून नेटबँकिंग, डेबिट कार्ड किंवा यूपीआयने भरा. चलनावरचा बीएसआर कोड (बँकेच्या शाखेचा क्रमांक), तारीख आणि चलन क्रमांक फॉर्ममध्ये आला आहे ना ते परत येऊन तपासा. चलन उतरवून ठेवा.

मग ‘प्रिव्ह्यू’. इथे घाई नको. पूर्ण फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचा. शक्य असेल तर छापून घरातल्या दुसऱ्या माणसाला वहीशी ताडायला द्या. नंतर ‘व्हॅलिडेशन’, आणि चूक निघाली नाही की सादर.

सादर झालं, पण पूर्ण झालं नाही

ई-व्हेरिफिकेशन केल्याशिवाय रिटर्न भरलंच नाही असं धरतात. त्याला सादर केल्यापासून ३० दिवस मिळतात. त्यानंतर पडताळणी केली तर ती तारीखच रिटर्नची तारीख होते आणि उशिराची फी लागू शकते. सर्वांत सोपा मार्ग आधार ओटीपी. मोबाइल जोडलेला नसेल तर नेटबँकिंगमधून, किंवा पडताळणी झालेल्या बँक खात्यावर कोड मागवून. काहीच जमलं नाही तर आयटीआर-व्ही, म्हणजे रिटर्नचा पडताळणीचा कागद, छापून, निळ्या शाईने सही करून स्पीड पोस्टाने बंगळुरूच्या सीपीसीला (रिटर्न तपासणाऱ्या विभागाच्या केंद्राला) पाठवा, पिन ५६०५००. तो ३० दिवसांच्या आत तिथे पोचायला हवा.

परतावा वाढवून देणाऱ्यांबद्दल

‘पाचशे द्या, चाळीस हजारांचा परतावा काढून देतो’ असं सांगणारे लोक कारखान्यांच्या गेटवर आणि सोसायट्यांत फिरतात. ते काय करतात ते समजून घ्या. न दिलेल्या राजकीय देणग्या, नसलेला आरोग्य विमा, न भरलेलं भाडं तुमच्या नावाने दाखवतात. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर तपासणी सुरू केली. त्या वेळच्या सरकारी निवेदनात गुजरातचंही नाव होतं. असे एजंट तात्पुरते ईमेल बनवून ढिगाने रिटर्न भरतात आणि नंतर ते ईमेल सोडून देतात, त्यामुळे नोटिसा कुणी वाचतच नाही, हेही त्यात सांगितलं होतं. उत्पन्न जाणूनबुजून लपवल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड लागू शकतो, आणि तो एजंट भरत नाही. आधी कुणाकडून असं रिटर्न भरून घेतलं असेल तर पोर्टलवरून ते उतरवून ओळ न्‌ ओळ वाचा. त्या वर्षासाठीची मुदत संपली नसेल तर सुधारित रिटर्न भरून खोटी वजावट काढून टाकता येते.

परताव्याचे मेसेजही असेच. ‘तुमचा परतावा मंजूर, खाली क्लिक करा’ अशी लिंक आली तर दाबू नका. थेट पोर्टलवर लॉगिन करून स्थिती बघा. विभाग कधीही पिन, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर विचारत नाही.

नंतर येणारा ईमेल

काही आठवड्यांनी सीपीसीकडून कलम १४३(१) ची सूचना ईमेलवर येते. ती पीडीएफही एआयएसच्याच पासवर्डने उघडते. त्यात दोन रकाने असतात, एक तुम्ही भरलेल्या आकड्यांचा आणि दुसरा विभागाने मोजलेल्या आकड्यांचा. दोन्ही जुळले आणि देय-परतावा शून्य असेल तर काम संपलं. परतावा असेल तर तो पडताळलेल्या खात्यात येतो. आकडे वेगळे असतील तर कोणत्या ओळीला फुटतात ते वहीवरून शोधा. तुमचं चुकलं असेल तर फरक भरा. विभागाचं चुकलं असेल, समजा एखाद्या चलनाचं श्रेय दिलेलं नसेल, तर पोर्टलवर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘रेक्टिफिकेशन’ मागा. रिटर्नमध्ये काही अपुरं राहिलं म्हणून कलम १३९(९) ची नोटीस आली तर उत्तराला १५ दिवस असतात.

सप्टेंबरची मुदत चुकलेल्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उशिराचं रिटर्न भरता येत होतं. त्याला ५,००० रुपये फी होती, एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००. कर बाकी असेल तर त्यावर महिना १ टक्का व्याज वेगळं.